कुत्र्यासाठी चिकूची बिस्किटं

आमच्या कुत्र्याला पहिली फिट आली तेव्हा तो वखारीत टेम्पोच्या सावलीला झोपला होता. मी क्रेटवर कागद घालत होतो. एकदम त्याचे पाय ताठ झाले, मान मागे गेली, तोंडाला फेस आला आणि तो फरशीवर पाय झाडू लागला. हमाल लांब सरले. कुणी म्हणालं साप चावला, कुणी म्हणालं पिसाळला. मी आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्याच्याजवळ बसलो. आणखी काय करायचं ते मला कळत नव्हतं. थोड्या वेळाने तो उठला, जाऊन भिंतीला धडकला, मग त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मी कोण, हे त्याला आठवत नव्हतं.

डहाणूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि गोळी लिहून दिली. म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळेला. जन्मभर. चुकवायची नाही. चुकली तर पुन्हा फिट येईल, आणि एकामागून एक येत राहिल्या तर हा वाचणार नाही."

मी मान डोलावली. मला वाटलं, गोळी देणं ते काय मोठं काम.

माझं सगळं आयुष्य समोरच्याला पटवण्यात गेलं आहे. वाणगाव स्टेशनबाहेर पाटी घेऊन भाजी विकायला बसलो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. तिथून सायकल, सायकलवरून टेम्पो, टेम्पोवरून स्वतःची चिकूची वखार. बापाने काही ठेवलं नव्हतं आणि कुणी हात दिला नव्हता. दिल्लीचा दलाल फोनवर रडायला लागला की तो खरा रडतोय की खोटा, हे मला त्याच्या श्वासावरून कळतं. डोकं माझं लवकर तापतं, पण बाजारात त्याचाही उपयोग होतो. मी उठून चालू लागलो की निम्मे लोक मला परत बोलावतात.

कुत्रा बोलावत नव्हता. भाकरीत गोळी घातली, त्याने भाकरी खाल्ली आणि गोळी चाटून पुसून फरशीवर ठेवली. सुक्या बोंबलात घातली, तेच. अंड्यात घातली, तर अंडंच हुंगून निघून गेला. चिडून मी त्याचा जबडा उघडला आणि गोळी घशात ढकलली. त्याने माझा अंगठा फोडला, आणि त्यानंतर मी स्वयंपाकघरात शिरलो की तो पलंगाखाली जाऊ लागला.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही अख्ख्या दिल्लीला गुंडाळता आणि हा एक गुंडाळला जात नाही?"

"तू दे मग."

"मी कशाला? मी कधी म्हटलं मला सगळ्यांना पटवता येतं?"

दुसरी फिट पहिलीपेक्षा लांबली. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो. म्हटलं, तुमची गोळी कडू आहे, दुसरी द्या. ते शांतपणे म्हणाले, "दुसरीही कडूच असते. हा फळ खातो का? काही कुत्री फळावर जीव टाकतात. फळ कुस्करा, पिठात मळा, छोटी बिस्किटं भाजा. वरून जरा कडक, आत मऊ आणि चिकट. देण्याआधी त्यात गोळी खुपसा. चिकटलेली गोळी त्याला वेगळी काढता येत नाही. साखर-गूळ नको, मनुका आणि द्राक्षं तर अजिबात नकोत, बिया सगळ्या काढायच्या. आणि फळ आहे म्हणून टोपलीभर खायला घालू नका."

फळ म्हटल्यावर मला हसू आलं. ज्याचा उभा जन्म चिकूत गेला त्या माणसाला हे सांगत होते.

त्याच संध्याकाळी वखारीतून एक नंबरचे चिकू काढले. एकसारखे, टणक, एकावर डाग नाही. साल काढली, बिया काढल्या, कुस्करले जाईनात म्हणून किसले. घरात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ होतं, त्यात मळले. आमच्याकडे दिवाळीला नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीत भाजायला देतात, त्यामुळे ट्रे घेऊन बेकरीवाल्याकडे जाण्यात मला काही विशेष वाटलं नाही.

तो भट्टीसमोर पाव काढत होता. ट्रे पाहून म्हणाला, "शेठ, दिवाळीला वेळ आहे अजून. हे काय काळं काळं?"

"नागली आणि चिकू. भाजून दे."

"साखर?"

"नाही."

"तूप?"

"नाही."

"मग खाणार कोण हे? सासरचे पाहुणे आलेत का?"

मी म्हटलं, कुत्रा. त्याने ट्रे माझ्या हातात परत दिला. "शेठ, याच भट्टीतला पाव गाव खातं. उद्या कुणी म्हणालं कुत्र्याचं खाणं आणि आपला पाव एकत्र, तर मी कुठे जाऊ?"

मी त्याला बरंच ऐकवलं. माझा कुत्रा तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा स्वच्छ आहे, असंही म्हणालो, आणि तिथे पाव घ्यायला उभी असलेली तीन-चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघू लागली तेव्हा ट्रे उचलून घरी आलो. आज वाटतं, त्याने नाही म्हटलं हे बरं झालं. त्यामुळे मी घरी भाजायला शिकलो.

बायकोने जुना कुकर काढून दिला. तळाला जाड मीठ, त्यावर लोखंडी कडं, कड्यावर ताटली. झाकणाची शिटी काढायची, रबरी रिंगही काढायची, आणि आच बारीक ठेवून झाकण लावून द्यायचं. मीठ एकदा तापलं की कुकरची छोटी भट्टी होते. बिस्किटं छान भाजली गेली. घरात खमंग वास सुटला. मी गोळी खुपसली आणि बिस्किट कुत्र्यापुढे धरलं.

त्याने घेतलं, दोनदा चावलं, जबडा वेडावाकडा केला आणि सगळंच्या सगळं ओकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आणखी चांगले चिकू आणले. आणखी टणक, आणखी मोठे. तेच झालं. तिसऱ्या वेळी मी केळं घातलं, तरी तेच. रोज कधी अर्धी गोळी पोटात जायची, कधी काहीच नाही. एका सकाळी तो अंगणात पुन्हा कोसळला. माझ्या हातात ताज्या बिस्किटांची ताटली होती, ती मी भिंतीवर भिरकावली.

बायकोने बिस्किटं गोळा केली. एक मोडलं, तुकडा तोंडात टाकला आणि लगेच मोरीत जाऊन थुंकली.

"तुम्ही हे चाखलंत का?"

"मी कशाला चाखू? कुत्र्याचं आहे."

"जीभ धरली माझी. चीक आहे यात. फळ कच्चं आहे."

"कच्चं कसं? एक नंबर माल आहे."

"दिल्लीसाठी एक नंबर. तोंडासाठी नाही."

आमच्या धंद्यात चिकू झाडावरून उतरतो तो दगडासारखा. धुवायचा, वरची भुकटी घासून काढायची, आकाराप्रमाणे निवडायचा आणि त्याच संध्याकाळी गाडीत भरायचा. तो पिकणार वाटेत, दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या हातात. माझ्या वखारीत बोटाला मऊ लागला तो चिकू गेलेला. तो बाजूला फेकायचा, नाहीतर शेजारच्या चार चांगल्या फळांना घेऊन बसतो. इतकी वर्षं माझा हात टणक फळ दिसलं की पुढे जातो आणि मऊ लागलं की झटकन मागे येतो. फळ खायला निवडायची वेळच माझ्यावर आली नव्हती. घरात जे खायचं ते बायको बघायची.

थोडे चिकू भाताच्या पेंढ्यात पिकत घातले. ते सगळे एकदमच पिकले, दोन दिवस कामाला आले आणि मग आंबले. रोज नेमका पिकलेला चिकू कुणाकडे असतो, हे मला माहीत होतं. बायकोलाही माहीत होतं. आम्ही दोघंही ते नाव घरात घेत नव्हतो.

तो माझा जुना भागीदार. वयाने थोडा मोठा. वखार आम्ही दोघांनी मिळून सुरू केली, हा कुत्राही त्याच वखारीत पोत्यावर जन्मला. पुढे त्याच्या डोक्यात आलं की गाड्या भरण्यापेक्षा चिकूच्या चकत्या वाळवाव्यात. मी नाही म्हटलं. वेगळं व्हायला हरकत नव्हती, माणसं वेगळी होतात. पण एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, चारचौघांत तो हसत हसत म्हणाला, "याला बाजार कळतो. फळ नाही कळत." पंगत हसली. मी ताटावरून उठलो, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोललो नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. शब्द त्याने मागे घेतलेला नाही आणि मी तो विसरलेलो नाही.

बायको मला न सांगता चिखले गावी त्याच्या घरी गेली. रिकाम्या हाताने परत आली.

"दिले नाहीत ना? मला माहीत होतं."

"देतो म्हणाले. पण म्हणाले, त्याला स्वतःला पाठव. येऊन निवडून ने म्हणावं."

मी दोन दिवस गेलो नाही. त्या दोन दिवसांत कुत्र्याने एकही पूर्ण गोळी खाल्ली नाही. तिसऱ्या दिवशी गेलो.

त्याच्या अंगणात जाळीखाली चकत्या वाळत होत्या. पडवीत बायका चिकू कापत बसल्या होत्या आणि सगळीकडे तो जड, गोड वास होता, माझ्या वखारीत कधी येत नाही असा. तो खुर्चीवरून उठला नाही. "ये," म्हणाला.

"काय भावाने देणार?"

"कुत्र्याच्या औषधाचा भाव करू आता?"

"फुकट मी घेत नाही."

"मग नको घेऊ. कुत्रा तुझा आहे."

हे असं बोलणाऱ्या माणसाशी काय भाव करायचा? ज्याला काही नकोच आहे, त्याच्यापुढे माझी सगळी विद्या संपते. त्याने पेंढ्यात पिकत घातलेल्या चिकूंपाशी मी बसलो आणि हात घातला. हात आपोआप टणक फळाकडे गेला. मी ते उचललं, त्याने पाहिलं. दुसरंही टणकच उचललं.

मग तो उठून माझ्याजवळ येऊन बसला. "देठापाशी अंगठा ठेव," म्हणाला. "दाबू नकोस. नुसता ठेव. आता नाकाशी ने. काही आलं?"

"नाही."

"मग तो परवा पिकेल. खाली ठेव. हा बघ."

त्याने दिलेल्या फळावर अंगठा ठेवला तर साल किंचित हलली, आणि वास आला. मी बारा-पंधरा फळं तशी निवडली. पिशवी भरत असताना त्याने विचारलं, "फिट आली की काय होतं त्याला?" मी सांगितलं. भिंतीला कसा धडकतो आणि मग आपल्याला कसा ओळखत नाही, तेही सांगितलं. तो बराच वेळ चकत्यांवरची जाळी नीट करत राहिला.

त्या संध्याकाळी चिकू हातानेच कुस्करला गेला, किसणी लागलीच नाही. अर्धं केळं, मावेल तेवढं नागलीचं पीठ, पाणी अजिबात नाही. बोरापेक्षा जरा मोठे गोळे करून चपटे केले आणि कुकरात मिठावर भाजले. वरून खरपूस झाले, मोडले तर आत अजून ओलसर होते. निवल्यावर एकात गोळी खुपसली आणि भोक बोटाने बुजवलं.

कुत्र्याने ते खाल्लं. मी फरशी पाहिली, चटई उचलून पाहिली, त्याच्या जिभेखाली पाहिलं. गोळी कुठेच नव्हती. मी तिथेच स्वयंपाकघरात खाली बसलो आणि तो माझा हात चाटत राहिला. त्या दिवशी मी ज्यांचे आभार मनातल्या मनात मानले त्यांत ते डॉक्टर होते, थुंकणारी बायको होती, बेकरीवालाही होता. जुन्या भागीदाराचे मानले का, ते मी सांगणार नाही.

हळूहळू कुत्र्याशी सौदा कसा करायचा तेही मला कळलं. आधी एक रिकामं बिस्किट द्यायचं, म्हणजे त्याचा संशय जातो. मग गोळीचं. आणि ते तोंडात असतानाच तिसरं बिस्किट नाकासमोर धरायचं. तिसरं हातचं जाईल या घाईत तो दुसरं न चावता गिळतो. बाजारात मी हेच करत आलो, फक्त समोर शेपूट नव्हती. फिट येणं थांबलं. त्याच्या अंगावर पुन्हा चमक आली, टेम्पोमागे धावायला लागला.

दर दोन-तीन दिवसांनी मी चिखल्याला जातो. फळापुरतंच बोलणं होतं. मी निवडतो, तो बघतो. कधी म्हणतो, "तो नको, आजच संपवावा लागेल असा आहे." मी ठेवून देतो. परत येताना मला रागही येतो आणि पिशवीतल्या वासाने बरंही वाटतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं हे मी कुणाला विचारलेलं नाही.

नागली मी तलासरीच्या बाजारातून आणतो. पूर्वेच्या डोंगराकडून येणारी एक बाई तिथे बसते, तिच्या नागलीत खडा नसतो. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. सवयीने भाव पाडून मागितला. ती म्हणाली, "दादा, कुत्र्यासाठी नेतो म्हणतोस आणि माझ्याशी भांडतोस. कुत्र्याला कळलं तर काय म्हणेल?" मी तिचा भाव दिला आणि वर हसलो, हे माझ्या ओळखीच्या कुणालाही खरं वाटणार नाही.

परत निघालो आणि हायवेला अडकलो. पुढे कंटेनर आडवा झाला होता. इंजिनं बंद करून माणसं रस्त्यावर उतरली होती. बायको लेकीकडे उंबरगावला गेलेली. सकाळची गोळी मी देऊन निघालो होतो, संध्याकाळच्या वेळेआधी आरामात पोचायचं होतं. ऊन उतरलं तरी गाडी जागची हलली नव्हती. शेजाऱ्यांना फोन केला, ते गावात नव्हते. वखारीतल्या माणसाला केला, तर तो म्हणाला, "शेठ, मला तो चावेल." मी त्याला शिवी दिली, मग वाटलं, तो खरं बोलतोय.

एक नंबर उरला होता. फोनमध्ये नव्हता, तो मीच रागाने पुसला होता. पण आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

"बोल," तो म्हणाला. माझा नंबर त्याने ठेवला होता की काय, कोण जाणे.

"घरी कोणी नाही."

"तू कुठे?"

"हायवेला. तलासरीच्या पुढे अडकलोय. त्याची गोळीची वेळ…"

"किल्ली?"

"मागच्या दाराला नुसती कडी आहे."

मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता वारा. फोन त्याने खिशात तसाच चालू ठेवला होता. मी गाडीबाहेर उभा राहून तो वारा ऐकत होतो. बाजूचा ट्रकवाला विचारत होता, काका, पुढे काही हललं का, आणि मी त्याला हाताने गप्प करत होतो.

कडी वाजली. कुत्रा एकदा भुंकला, मग थांबला.

"ओळखलं रे मला," तो म्हणाला. मला नव्हे, कुत्र्याला. मग मला, "डबा कुठे?"

"फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. गोळ्यांची पट्टी डब्यावरच आहे, एक बिस्किटात खुपस. थंड देऊ नकोस. थोडा वेळ मुठीत धर, वास सुटला पाहिजे."

"फळाचा वास मला शिकवतोस?"

"कुत्र्याचं सांगतोय."

तो हसला असावा. मग चपचप आवाज आला आणि तो म्हणाला, "बाहेर काढली. गोळी इथे पडली आहे."

"ओली आहे?"

"ओली आहे, पण अख्खी आहे."

"मग ऐक. नवीन बिस्किट घे, आत खोल घाल, वरून बुजव. आता आधी एक रिकामं दे. मग हे. आणि हे तोंडात गेल्याबरोबर तिसरं त्याच्या नाकासमोर धर. देऊ नकोस, नुसतं दाखव."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. कर ना लवकर."

मी कान फोनला दाबून धरला. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला, कुणीतरी त्याला ओरडलं. पलीकडून काहीच येत नव्हतं. मग तो म्हणाला, "गेली."

"जिभेखाली बघ."

"बघितलं. गेली. तिसरंही देऊन टाकलं, असा बघत होता की राहवेना."

मला काहीतरी म्हणायचं होतं. एवढी वर्षं बोलून पोट भरणाऱ्या माणसाला तो एक शब्द जमेना. शेवटी म्हणालो, "तू जा आता. मला उशीर होईल."

"तू ये सावकाश," तो म्हणाला. "मी बसतो याच्यापाशी."

मी फोन बंद केला नाही, त्यानेही केला नाही. कुत्रा पाणी पीत होता, तेवढं ऐकू येत होतं.